मोठ्या संख्येची कुंडली कशी मांडावी: पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

माझी भाची आठवीत असताना तिला शाळेतून प्रकल्प मिळाला होता: एक मोठी पूर्ण संख्या निवडा आणि तिचे गुणधर्म लिहा. बस, एवढंच. किती मोठी, कोणते गुणधर्म, सुरुवात कुठून, काही सांगितलेलं नव्हतं. ती वही घेऊन आमच्या दादरच्या घरी आली आणि आम्ही दोघी चार रविवार बसलो. त्यात चुका पुष्कळ झाल्या, एक तर छापलेल्या तक्त्यावर गेली. तुमच्या घरात असा प्रकल्प आला असेल, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करत असेल, किंवा तुम्हालाच संख्यांची ओढ लागली असेल, तर खालच्या क्रमाने जा. आमचे दोन रविवार ज्यात गेले ते तुमचे वाचतील.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. संख्येचे मूळ अवयव बिनचूक मिळाले की बाकीचे बहुतेक गुणधर्म पाच-दहा मिनिटांत निघतात. अवयवांत चूक असेल तर पुढचं पानच्या पान चुकतं. म्हणून या लेखातही निम्मी जागा अवयवांनाच दिली आहे.

सोबत काय लागेल

चौकटीची वही (साध्या रेघांच्या वहीत अंकांचे स्तंभ सरकतात), पेन्सिल, किमान १२ अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर, आणि १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. या २५ संख्या छापील शोधू नका, स्वतः लिहा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७. यात १ नाही. १ ला मूळ संख्या म्हणत नाहीत, आणि ५१, ५७, ८७, ९१ या मूळ दिसतात पण नाहीत. सुरुवात एवढ्या सामानावर होते; मोठे अवयव उरले तर मूळ संख्यांची यादी पुढे वाढवावी लागते. दहा-बारा अंकांपुढे संगणक लागतो, त्याबद्दल शेवटी.

१. संख्या निवडा आणि नीट उतरवून घ्या

कुठलीही संख्या चालते, पण जिच्याशी आपला काही संबंध आहे ती घेतली तर कंटाळा येत नाही. आम्ही तारखा घेतल्या. महाराष्ट्र दिन, १ मे १९६०, म्हणजे ०१०५१९६०. प्रजासत्ताक दिन, २६ जानेवारी १९५०, म्हणजे २६०११९५०. या दोन्ही संख्या लेखभर सोबत असतील. सरावाला घराचा पिनकोडही उत्तम.

इथेच पहिला खड्डा आहे. ०१०५१९६० मधलं पुढचं शून्य संख्या म्हणून गळून पडतं. उरते १०५१९६०, म्हणजे दहा लाख एक्कावन्न हजार नऊशे साठ. ती आठ अंकी नाही, सात अंकी आहे. अंकांची संख्या लिहिताना मुलं हमखास आठ लिहितात.

दुसरा खड्डा स्प्रेडशीटचा, आणि तक्त्यावर छापली गेलेली चूक हीच. भाचीला आणखी मोठी संख्या हवी होती म्हणून तिने २६०११९५० आणि १५०८१९४७ शेजारी शेजारी जोडून १६ अंकी संख्या केली आणि स्प्रेडशीटमध्ये टाकली. स्प्रेडशीट साधारणपणे पहिले १५ अंकच जपते, सोळावा अंक गुपचूप शून्य करते. शेवटचा ७ जाऊन तिथे ० आला आणि आम्ही त्या शून्यावरून "१० ने भाग जातो" असं लिहून मोकळ्या झालो. वर्गात एका मुलीने विचारलं की शीर्षकातली संख्या ७ ने संपते, मग खाली १० ने भाग कसा जातो? भाचीला उत्तर देता आलं नाही, आणि चूक तिची नव्हती. १५ पेक्षा जास्त अंक असतील तर आधी त्या रकान्याचा प्रकार "मजकूर" करा, मगच संख्या टाका. आणि संख्या एकदा हाताने वहीत उतरवाच.

२. स्वल्पविराम पुसा, तीन-तीन अंकांचे गट पाडा

ही सूचना मला कुठे वाचायला मिळाली नव्हती, कारण ही अडचण आपल्याकडचीच आहे. आपण लाख-कोटीत लिहितो: १०,५१,९६० किंवा २,६०,११,९५०. उजवीकडचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोनचे गट. वाचायला हे छान, पण पुढच्या पायरीतली ७, ११, १३ ची कसोटी उजवीकडून तीन-तीनच्या गटांवर चालते. जुन्या स्वल्पविरामांवर ती लावलीत तर उत्तर चुकणारच. म्हणून कसोट्यांसाठी संख्या अशी लिहा:

१ | ०५१ | ९६०
२६ | ०११ | ९५०

मधलं ०५१ हे ५१ च धरायचं, पण शून्य लिहायचं, नाहीतर गट सरकतो.

३. लहान भाजकांच्या कसोट्या

२, ३, ५ च्या कसोट्या सगळ्यांना येतात, त्यावर वेळ घालवत नाही. शेवटचा अंक सम तर २. शेवटी ० किंवा ५ तर ५. अंकांच्या बेरजेला ३ ने भाग गेला तर संख्येलाही जातो, ९ चंही तसंच. १०५१९६० च्या अंकांची बेरीज २२, म्हणून ३ नाही. २६०११९५० ची २४, म्हणून ३ आहे पण ९ नाही.

४ साठी शेवटचे दोन अंक पाहा, ८ साठी शेवटचे तीन. ९६० ला ८ ने भाग जातो, म्हणून १०५१९६० लाही जातो. १६ साठी शेवटचे चार: १९६० ला १६ ने भाग जात नाही. म्हणजे २ हा अवयव तीनदाच येतो, चौथ्यांदा नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी कसोटी. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे तीन-तीनचे गट उजवीकडून आलटून पालटून अधिक-उणे केले की जी लहान संख्या उरते तिच्यावर या तिन्ही भाजकांची परीक्षा एकदम होते.

९६० − ५१ + १ = ९१०

९१० म्हणजे ७ × १३ × १०. एका वजाबाकीत ७ ही सापडला आणि १३ ही. ९१० ला ११ ने भागलं तर ८ उरतात, म्हणून ११ नाही. भाचीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. तिने पूर्ण संख्येला कागदावर ७ ने भागून पाहिलं, मग १३ ने, आणि दोन्हीकडे बाकी शून्य आल्यावरच वही मिटली.

दुसऱ्या संख्येचं: ९५० − ११ + २६ = ९६५. ७ ने भागून ६ उरतात, ११ ने ८, १३ ने ३. तिघेही बाद.

एक सापळा: "४ ने जातो, ६ ने जातो, म्हणून २४ ने जाणारच." नाही. १२ लाच पाहा. दोन भाजकांत सामाईक अवयव नसेल तेव्हाच त्यांच्या गुणाकाराने भाग जाण्याची खात्री असते.

४. भागत जा, आणि प्रत्येक वेळी नव्या संख्येकडे पाहा

सापडलेला अवयव लगेच काढून टाका. सुरुवातीच्या संख्येलाच चिकटून बसू नका.

१०५१९६० ÷ २ ÷ २ ÷ २ = १३१४९५
१३१४९५ ÷ ५ = २६२९९
२६२९९ ÷ ७ = ३७५७
३७५७ ÷ १३ = २८९

इथे आम्ही थांबलो होतो. २८९ ला २, ३, ५, ७, ११, १३ कुणानेच भाग जात नव्हता, म्हणून मी स्वतः तिला "ही मूळ संख्या" असं लिहायला सांगितलं. २८९ म्हणजे १७ × १७. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर आम्ही फसव्या संख्यांची यादी ठेवली आहे: ९१, ११९, १३३, २२१, २४७, २८९, ३२३, ३६१, ३९१. यातली एकही मूळ नाही. तुमच्याही वहीत ती असू द्या.

तर पूर्ण उत्तर:

१०५१९६० = २ × २ × २ × ५ × ७ × १३ × १७ × १७

महाराष्ट्र दिनाची तारीख इतक्या लहान अवयवांत सुटते हे मला आजही सुंदर वाटतं. सात अंकी संख्येचा सगळ्यात मोठा मूळ अवयव फक्त १७!

५. थांबायचं कुठे: वर्गमूळाचं कुंपण

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सावकाश वाचा. एखादी संख्या मूळ नसेल, तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. म्हणून तपासणी वर्गमूळापर्यंत करायची, आणि वर्गमूळ धरून करायची. २८९ चं वर्गमूळ नेमकं १७ आहे. १३ वर थांबलं की चूक, १७ करून पाहिलं की सुटका.

आता २६०११९५० घ्या. ५१०० चा वर्ग २,६०,१०,००० आहे, म्हणजे कुंपण ५१०० वर. तिथपर्यंत सहाशेहून जास्त मूळ संख्या आहेत, हे ऐकून कुणीही वही बंद करेल. पण अवयव निघत जातात तसं कुंपण जवळ येतं:

२६०११९५० ÷ २ ÷ ३ ÷ ५ ÷ ५ = १७३४१३ (कुंपण ४१६)
१७३४१३ ला १७ ने भागून १३ उरतात, १९ ने मात्र पूर्ण जातो: ९१२७ (कुंपण ९५)

आता पुन्हा २ पासून सुरू करायचं नाही, लहान अवयव आधीच बाद झालेत. १९ पासूनच पुढे, कारण १९ पुन्हा येऊ शकतो. १९, २३, २९ असं करत ८९ पर्यंत फक्त १७ भागाकार. मी हे दादरहून धीम्या कल्याण लोकलमध्ये बसून केले, प्रत्येक भाजकासमोर बाकी लिहीत. ७३ ला आशा वाटली, कारण ७३ × १२५ = ९१२५, फक्त २ उरले. मुलुंड आलं तेव्हा ८९ झाला, बाकी ४९. एकही गेला नाही. म्हणून ९१२७ मूळ आहे, आणि हे म्हणायला आता पुरावा आहे: सतरा बाक्यांची यादी.

२६०११९५० = २ × ३ × ५ × ५ × १९ × ९१२७

ही बाक्यांची यादी प्रकल्पाला जोडा. "मूळ आहे" असं नुसतं लिहिण्यापेक्षा ती यादी बरंच काही दाखवते.

कॅल्क्युलेटरवर बाकी कशी काढायची हेही बरेच जण विचारतात. भागाकार करा, दशांश चिन्हापुढचा भाग सोडून द्या, उरलेल्या पूर्ण संख्येला भाजकाने गुणा, आणि तो गुणाकार ज्या संख्येला भागलं तिच्यातून वजा करा. दशांशाचे आकडे म्हणजेच बाकी, असं समजू नका.

६. पडताळा घ्या

सगळे अवयव परत गुणून पाहणं हा खरा पडताळा. झटपट हवा असेल तर नऊचा: प्रत्येक संख्येचे अंक मिळवत एक अंक उरेपर्यंत या. १०५१९६० → २२ → ४. अवयवांचं: ८ × ५ = ४० → ४, गुणिले ७ = २८ → १, गुणिले १३ (→ ४) = ४, गुणिले २८९ (→ १) = ४. जुळलं. पण अंकांची अदलाबदल या पडताळ्यात पकडली जात नाही. १०५१९६० ऐवजी १०५१६९० लिहिलंत तरी उत्तर ४ च येतं.

७. आता गुणधर्म काढा

विभाजक किती: प्रत्येक मूळ अवयव जितक्यांदा येतो त्यात १ मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. १०५१९६० साठी २ तीनदा, ५, ७, १३ एकेकदा, १७ दोनदा: ४ × २ × २ × २ × ३ = ९६. यात १ आणि ती संख्या स्वतः दोन्ही धरलेत. २६०११९५० चे ४८. संख्या जवळजवळ पंचवीस पट मोठी, विभाजक निम्मे. संख्येचा आकार आणि विभाजकांची गर्दी यांचा थेट संबंध नसतो.

विभाजकांची बेरीज: (१+२+४+८) × (१+५) × (१+७) × (१+१३) × (१+१७+२८९), म्हणजे १५ × ६ × ८ × १४ × ३०७ = ३०,९४,५६०. संख्या स्वतः वजा केली तर २०,४२,६०० उरतात, संख्येपेक्षा जवळपास दुप्पट. ही बेरीज संख्येएवढीच आली असती तर तिला परिपूर्ण म्हटलं असतं, जशा ६, २८, ४९६, ८१२८. परिपूर्ण संख्या फार विरळ असतात, आपल्या संख्येत ती निघेल या आशेने बसू नका.

पूर्ण वर्ग आहे का: सगळे अवयव जोडीने यायला हवेत. इथे २ ची एक जोडी आणि १७ ची एक जोडी बाहेर काढली की उरतात २, ५, ७, १३. त्यांचा गुणाकार ९१०. म्हणजे १०५१९६० = ९१० × ३४ × ३४. वरच्या १००१ च्या कसोटीत आलेलं ९१० आठवतंय? तेच परत आलं. हा निव्वळ योगायोग आहे, दर संख्येत असं होत नाही, पण आम्ही दोघींनी त्या ९१० भोवती लाल पेन्सिलीने गोल केला.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का: ४ ने भागल्यावर ३ उरतात अशा मूळ अवयवांकडे पाहा (३, ७, ११, १९, २३...). त्यातला प्रत्येक जण सम वेळा आला पाहिजे. १०५१९६० मध्ये ७ एकदाच आहे, म्हणून नाही. २६०११९५० मध्येही ३ एकटाच, म्हणून नाही.

हर्षद आहे का: हे नाव आणि ही कल्पना द. रा. कापरेकरांची. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि संख्यांवर आयुष्यभर प्रेम करत राहिले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणारी. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ६१७४ हा स्थिरांक स्वतः हर्षद आहे: अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. आपल्या दोन्ही तारखा मात्र हर्षद नाहीत. पहिलीच्या अंकांची बेरीज २२, तिला ११ चा अवयव हवा होता. दुसरीची २४, तिला २ तीनदा हवा होता. पाहिलंत, इथेही अवयवच उत्तर देतात.

८. अंक वाढले तर

दहा-बारा अंकांपुढे हाताने जाऊ नका. लिनक्स या संगणक-प्रणालीवर फॅक्टर (factor) नावाची आज्ञा असते, तिच्यापुढे संख्या लिहिली की अवयव मिळतात. पायथन या संगणकभाषेत पूर्ण संख्या कितीही मोठी चालते, पण भागाकाराला एक तिरकी रेघ वापरली तर उत्तर दशांशात जातं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक बिघडतात. दोन तिरक्या रेघा वापरा, बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह.

अवयव काढणं आणि अवयव तपासणं यातलं अंतर समजायला एक जुनं उदाहरण द्या, वर्गात सगळ्यांना आवडतं. २ चा ६७ वा घात उणे १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. अमेरिकेतले गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये तिचे अवयव मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार चौकटीच्या वहीत अर्ध्या तासात होतो, आमच्याकडे भाचीनेच केला. उलट दिशेने जायला मात्र हाताने वर्षं लागतात. संगणकाच्या काळातही, फोडून दाखवा असं आव्हान म्हणून जाहीर केलेली २५० अंकांची आरएसए-२५० ही संख्या फोडायला २०२० साल उजाडलं, तेही खूप संगणक एकत्र लावून. म्हणून प्रकल्पासाठी तीस-चाळीस अंकांपुढची संख्या निवडू नका. ती सुटली नाही तर दोष तुमचा नसतो.

सरावासाठी

दादर पश्चिमेचा पिनकोड ४०००२८, पूर्वेचा ४०००१४. मधे फक्त रेल्वेचे रूळ, पण दोघांची कुंडली अगदी वेगळी.

४०००२८ = २ × २ × ९७ × १०३१
४०००१४ = २ × ३ × ३ × ७१ × ३१३

पश्चिमेच्या अंकांची बेरीज १४, तिने भाग जात नाही. पूर्वेच्या अंकांची बेरीज ९, आणि ४०००१४ ÷ ९ = ४४४४६. दादर पूर्व हर्षद आहे, पश्चिम नाही. दोघांचा मसावि काढायला अवयवांचीही गरज नाही: वजाबाकी १४ येते, म्हणून मसावि १४ चाच विभाजक असणार. ७ ने दोन्हींना भाग जात नाही, उरला २.

१०३१ आणि ३१३ मूळ आहेत हे मी सांगितलं म्हणून मानू नका. पहिलीचं कुंपण ३२, दुसरीचं १७. बाक्यांची यादी करा. मग मुंबईच्या जीपीओचा (मुख्य टपाल कार्यालयाचा) ४००००१ घ्या, त्याला ७ ने भाग जातो एवढं सांगते. उरलेल्या संख्येचं कुंपण २३९ वर आहे, म्हणून १०० च्या पुढची मूळ संख्यांची यादी आधी वाढवून घ्या.